खाट रिकामी का होत नव्हती? इंग्लंडच्या 2022-23च्या हिवाळ्याचं प्रकरण

डिसेंबर 2022मध्ये इंग्लंडच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या रुग्णांपैकी फक्त 65 टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल लागला. निकाल म्हणजे दाखल करणं, घरी सोडणं किंवा दुसरीकडे पाठवणं. एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, ठरलेला निकष 95 टक्क्यांचा आहे. डॉक्टरने ‘दाखल करा’ असं लिहिल्यानंतरही 12 तासांहून जास्त वेळ वॉर्डातल्या खाटेची वाट बघत पडलेले रुग्ण त्या एका महिन्यात 54,532 होते. पक्षाघात, छातीतलं दुखणं अशा कॅटेगरी 2च्या फोनला ॲम्ब्युलन्स सरासरी 18 मिनिटांत पोचावी, असा नियम. त्या महिन्यात सरासरी निघाली 1 तास 32 मिनिटं.

त्याच महिन्यात, त्याच रुग्णालयांत, रोज 13 ते 14 हजार माणसं अशी होती की ज्यांना वैद्यकीयदृष्ट्या तिथे राहायची गरज उरलेली नव्हती. साधारण सात खाटांमागे एक खाट. बातम्यांत रांग दिसली ती दारातल्या ॲम्ब्युलन्सची, पण मोरी तुंबली होती मागच्या बाजूला. हिवाळ्याचं स्थानिक नियोजन कुठे चुकतं हे समजून घ्यायला हा एक हिवाळा पुरेसा आहे, कारण यात तयारी झाली नव्हती असं म्हणता येत नाही. तयारी झाली होती. पैसाही आला. तो आला कधी आणि कशावर खर्च करता आला, यात सगळं अडलं.

दोन तिजोऱ्या

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे रुग्णालयातून सुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालणं, उठवून बसवणं, वेळेवर जेवण देणं हे घरच्यांचं काम मानलं जातं. परवडत असेल तर खासगी ब्यूरोची बाई ठेवतात. इंग्लंडमध्ये या कामाला ‘सोशल केअर’ म्हणतात आणि ती मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक काउन्सिलवर, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेवर असते. रुग्णालयातले उपचार सर्वांना मोफत. सोशल केअर मात्र ऐपत बघून. 23,250 पौंडांहून जास्त मालमत्ता असलेल्याला साधारणपणे स्वतःचा खर्च स्वतः करावा लागतो. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुन्हा उभं राहण्यासाठी दिली जाणारी अल्पकाळची मदत, म्हणजे रीएबलमेंट, सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते.

म्हणजे खाटेचा खर्च एका तिजोरीतून आणि खाट रिकामी करण्याचा खर्च दुसऱ्या तिजोरीतून. दोन्ही एका टेबलावर याव्यात म्हणून 1 जुलै 2022 रोजी देशभर 42 एकात्मिक आरोग्य व्यवस्था कायद्याने अस्तित्वात आल्या. प्रत्येकीचं एक बोर्ड, आणि त्यासोबत काउन्सिल, रुग्णालयं, जीपी (परिसरातले फॅमिली डॉक्टर), स्वयंसेवी संस्था. त्यांच्या पहिल्या हिवाळ्याला तेव्हा पाच महिने उरले होते.

कागदावरची तयारी

एनएचएस इंग्लंडचं हिवाळ्याचं पत्र 12 ऑगस्ट 2022ला निघालं. त्यात 7,000 खाटांइतकी क्षमता वाढवायचं उद्दिष्ट होतं. काही खाटा खरोखरच्या, काही ‘व्हर्च्युअल वॉर्ड’च्या, म्हणजे रुग्ण घरी आणि त्याच्यावर लक्ष रुग्णालयाच्या पथकाचं. 18 ऑक्टोबरला दुसरं पत्र आलं. 1 डिसेंबरपासून प्रत्येक व्यवस्थेत चोवीस तास चालणारा नियंत्रण कक्ष, घरात पडलेल्या वृद्धांसाठी स्थानिक पथकं, श्वसनाच्या आजारांसाठी वेगळी केंद्रं, अशा गोष्टी त्यात होत्या.

पडलेल्यांसाठीची पथकं ही कल्पना उत्तम होती आणि ती अजून जास्त ठिकाणी नीट राबवायला हवी. म्हातारं माणूस जमिनीवर पडलं, हाड मोडलेलं नाही, पण उठता येत नाही. हा फोन ॲम्ब्युलन्सच्या यादीत खाली जातो. थंड फरशीवर पाच-सहा तास पडून राहिलं की शरीराचं तापमान उतरतं, दाबाच्या जागी कातडी फाटायला लागते, स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. संध्याकाळी नुसतं उचलून खुर्चीत बसवण्याचं असलेलं काम सकाळपर्यंत दाखल करण्याचं होऊन बसतं. दोन प्रशिक्षित माणसं, हवेने फुगणारी उचलण्याची गादी आणि पडल्यावर काय तपासायचं याची एक यादी, एवढ्यात ते टळतं.

आता पैशाच्या तारखा बघा. कोविडच्या काळात रुग्णालयातून लवकर घरी पाठवण्यासाठी केंद्रातून जो खास निधी मिळत होता, तो 31 मार्च 2022ला बंद झाला. 22 सप्टेंबरला आरोग्यमंत्री थेरेस कॉफी यांनी त्याच कामासाठी 50 कोटी पौंडांची घोषणा केली. त्यातलं कोणाला किती आणि कोणत्या अटींवर, हे नोव्हेंबरच्या मध्यावर कळलं. 40 टक्के हप्ता डिसेंबरमध्ये, उरलेला जानेवारीत. आणि सगळा खर्च 31 मार्च 2023च्या आत.

एप्रिल ते नोव्हेंबर, म्हणजे माणसं नेमायचे नेमके महिने, स्थानिक नियोजकांच्या हातात आकडाच नव्हता.

एका खाटेवरचे दिवस

खालचा क्रम कोणा एका व्यक्तीचा नाही. त्या हिवाळ्यात वॉर्डावॉर्डांत जे घडत होतं, ते एका नमुन्यात मांडलं आहे.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी, एकट्या राहणाऱ्या. लघवीचा संसर्ग, त्यातून गोंधळलेपण, घरात पडल्या. सोमवारी दाखल. आधी घरी दिवसातून दोनदा केअरर, म्हणजे काळजी घेणारी पगारी मदतनीस, यायची. गुरुवारी सकाळच्या राउंडला डॉक्टर लिहितात: प्रकृती स्थिर, घरी जाऊ शकतात. इथून घड्याळ सुरू होतं.

चार दिवस खाटेवर काढल्यामुळे आजींच्या पायांत पहिल्याएवढी ताकद उरलेली नाही. आता दिवसातून चार भेटी लागतील असं नर्सला वाटतं. केअरर पुरवणाऱ्या जुन्या एजन्सीने त्यांच्या दोन भेटींच्या वेळा दुसऱ्याला देऊन टाकल्या आहेत, कारण दाखल असताना त्या वेळांचे पैसे एजन्सीला मिळत नाहीत. गरजेचं मूल्यमापन वॉर्डात न करता घरी गेल्यावर करायचं, हे धोरण अनेक वर्षांपासून आहे. तरीही फॉर्ममध्ये फिजिओथेरपिस्टचा शेरा मागितलेला असतो. फिजिओ शुक्रवारी दुपारी येते. फॉर्म चार वाजता ट्रान्सफर ऑफ केअर हबकडे, म्हणजे घरी पाठवण्याची जुळवाजुळव करणाऱ्या कक्षाकडे जातो. तिथून तो एजन्सीजना पाठवला जातो. शनिवार-रविवार उत्तर नाही. सोमवारी एक एजन्सी तीन भेटी द्यायला तयार होते, पण सकाळची भेट अकरा वाजता आणि झोपवायची भेट नाही. आजींना नाश्त्याआधी इन्शुलिन लागतं. नकार. मंगळवारी दुसरी एजन्सी हो म्हणते, गुरुवारपासून. बुधवारी आजींना खोकला आणि ताप. शेजारच्या खाटेवर फ्लू निघालेला आहे. डिस्चार्ज रद्द.

यात निष्काळजी कोणीच नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येकाने आपलं काम आपल्या वेळेत केलं आहे. तरी गुरुवार ते पुढचा बुधवार एक खाट अडकली, आणि शेवटी आजी आल्या होत्या त्याहून अशक्त झाल्या.

सगळा दोष काउन्सिलच्या माथी मारणंही बरोबर नाही. अडकलेल्या खाटांत मोठा वाटा रुग्णालयाच्या स्वतःच्या कामांचा असतो: घरी न्यायची औषधं राउंडनंतर लिहिली जातात आणि फार्मसीतून तीन वाजता येतात, तोवर रुग्णवाहतुकीची गाडी निघून गेलेली असते. औषधं आदल्या संध्याकाळी लिहून ठेवली तर हा अर्धा दिवस वाचतो. दाराबाहेर किल्ली ठेवलेल्या कुलूपबंद पेटीचा नंबर कोणी विचारलेला नसतो, म्हणून केअररला दार उघडता येत नाही. घर आठवडाभर बंद, हीटर बंद, फ्रीजमध्ये दूध नाही. त्या हिवाळ्यात वीज-गॅसची बिलं भडकलेली असल्यामुळे अनेक वृद्ध हीटर लावायलाच घाबरत होते. डिस्चार्जच्या कागदावर ‘घर उबदार आहे का?’ असा एक रकाना हवा आणि तो भरणारं माणूस ठरलेलं हवं. रेड क्रॉस किंवा एज यूकेसारख्या संस्थांचे स्वयंसेवक हे काम अनेक भागांत करतात. त्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं, त्याच दुपारी नाही.

केअररचा हिशेब

हिशेबासाठी 600 खाटांचं रुग्णालय धरू. सातांमागे एक म्हणजे 85च्या आसपास खाटा अडलेल्या. त्यातले 40 जण घरच्या मदतीसाठी थांबलेत असं समजू.

अर्ध्या तासाच्या चार भेटी म्हणजे रोज 2 तास, आठवड्याला 14. ज्यांना उठवायला दोन माणसं लागतात त्यांना 28. चाळिसांतले 30 एका माणसाचे आणि 10 दोन माणसांचे धरले, तर 420 अधिक 280, म्हणजे आठवड्याला 700 तास. पूर्णवेळ केअरर आठवड्याला 37 तास कामावर असली तरी प्रवास आणि मधल्या फटी वजा जाता प्रत्यक्ष रुग्णाजवळ 28 तासांच्या आसपासच असते. 25 माणसं लागली. सुट्ट्या आणि आजारपण पाचांत एक धरलं (हिवाळ्यात केअररलाही फ्लू होतो), तर 31.

या 31 जणी आणायच्या कुठून? 2021-22मध्ये इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये 1,65,000 जागा रिकाम्या होत्या, दहांत एकीहून थोड्या जास्त. एप्रिल 2022पासून कायदेशीर किमान वेतन तासाला 9.50 पौंड होतं आणि बहुसंख्य केअररना त्याच्या आसपासच मिळत होतं. कित्येक सुपरमार्केट आणि गोदामं याहून जास्त देत होती, शिवाय तिथे पहाटे सहाला बर्फात गाडी चालवावी लागत नाही. फेब्रुवारी 2022पासून केअररना परदेशातून आणायला व्हिसाची वाट मोकळी झाली आणि भारतातूनही बऱ्याच जणी गेल्या, पण व्हिसाच्या माणसाला येऊन, शिकून, ड्रायव्हिंग लायसन्स वापरता येईपर्यंत तो हिवाळा सरला असता.

स्थानिक माणूस नेमायचं तरी जाहिरात आणि मुलाखतीला दोन आठवडे, गुन्हेगारी नोंदीची तपासणी आणि संदर्भपत्रांना दोन ते चार, प्रशिक्षण आणि अनुभवी केअररसोबत फिरणं यांना आणखी दोन-तीन. सहा ते नऊ आठवडे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पैसे हातात आले, तर केअरर रुग्णाच्या दारात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत उभी राहते. आणि 31 मार्चला पैसे संपतात. दोन महिन्यांच्या पैशावर कोणती एजन्सी कायम माणूस घेईल? म्हणून बराचसा निधी असलेल्याच माणसांच्या ओव्हरटाइमवर, नोकरी सोडू नये म्हणून दिलेल्या बोनसवर आणि केअर होममधल्या, म्हणजे वृद्धांना सांभाळणाऱ्या निवासी संस्थांमधल्या, खाटा विकत घेण्यावर गेला. हे पैसे वाया गेले असं नाही. पण त्यांतून नवे हात फार थोडे आले.

दहा दिवसांत तीन कामाचे

थंडीची कडक लाट डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली. स्ट्रेप-ए या जिवाणूच्या संसर्गाच्या भीतीने पालक मुलांना घेऊन आपत्कालीन विभागात येत होते. नर्सेसचा संप 15 आणि 20 डिसेंबरला, ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांचा 21ला. फ्लू आठवड्यागणिक चढत गेला आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फ्लूचे रोज 5 हजारांहून अधिक रुग्ण खाटांवर होते. या सगळ्यावर भरपूर लिहून झालं आहे.

कॅलेंडरकडे मात्र कमी लोकांनी पाहिलं. 2022चा नाताळ रविवारी आला. त्यामुळे सोमवार 26 आणि मंगळवार 27 दोन्ही सुट्टीचे. शनिवार धरून सलग चार दिवस. मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पुढे 31 डिसेंबर, 1 आणि 2 जानेवारी पुन्हा सुट्टी. 24 डिसेंबर ते 2 जानेवारी या दहा दिवसांत पूर्ण कामाचे दिवस तीन. सोशल वर्कर, थेरपिस्ट, फार्मसीचा पूर्ण ताफा, एजन्सीचं ऑफिस, केअर होमची मॅनेजर, नवा रहिवासी घेण्याआधी त्याला बघायला येणारी व्यक्ती, हे सगळं त्या तीन दिवसांत. दाखल होणं मात्र दहाही दिवस चालू.

हे कॅलेंडर वर्षभर आधी माहीत असतं. ज्या नियोजनात ‘24, 26, 27, 31 आणि 2 तारखेला हबमध्ये कोण, एजन्सीच्या वतीने हो म्हणायला कोण, फार्मसी किती वाजेपर्यंत’ हे नावांनिशी लिहिलेलं नाही, ते नियोजन अपुरं आहे. शनिवारी नवीन रुग्ण घेणार नाही असं म्हणणाऱ्या केअर होमलाही कारण असतं: शनिवारी त्यांच्याकडे एकच नर्स असते आणि रुग्णासोबत आलेली औषधं अनेकदा अर्धवट असतात. त्यांनी शनिवारी रुग्ण घ्यावा असं वाटत असेल तर त्यांना पूर्ण औषधं, दुपारी दोनच्या आत रुग्ण, आणि शंका आली तर फोन उचलणारा वॉर्डातला डॉक्टर, एवढं द्यावं लागतं.

वर्ष संपताना रुग्णवाहिकांतून आलेल्या साधारण चारांतल्या एका रुग्णाला तासाहून जास्त वेळ ॲम्ब्युलन्समध्ये थांबावं लागत होतं. नियम 15 मिनिटांचा. डझनभराहून अधिक रुग्णालयांनी आणीबाणीची परिस्थिती जाहीर केली. ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाने त्याच वर्षी सुरू केलेली एक पद्धत तेव्हा चर्चेत आली: ठरलेल्या वेळी आपत्कालीन विभागातून ठरावीक रुग्ण वॉर्डांत हलवायचेच, तिथे खाट रिकामी असो वा नसो. याने वॉर्डातल्या नर्सवर भार वाढतो, हे खरं. पण सगळा धोका एका दारात साठण्याऐवजी वीस वॉर्डांत विभागला जातो, आणि मागचं दार उघडण्याची निकड प्रत्येक वॉर्डाला कळते. तात्पुरता उपाय म्हणून तो योग्यच वाटतो.

जानेवारीची मलमपट्टी

9 जानेवारी 2023ला तेव्हाचे आरोग्यमंत्री स्टीव्ह बार्क्ली यांनी आणखी 20 कोटी पौंड दिले, मुख्यतः केअर होममधल्या खाटांत रुग्णांना जास्तीत जास्त चार आठवडे ठेवण्यासाठी. खाटा लवकर मिळतात, केअरर मिळत नाहीत. म्हणून हा मार्ग निवडला गेला. धोका इथेच आहे. घरी जाऊ शकणारं माणूस अशा खाटेवर गेलं आणि तिथे फिजिओ नाही, जीपीची जबाबदारी कोणाची ते ठरलेलं नाही, चार आठवड्यांनी काय याची तारीख नाही, तर ते तिथेच राहतं. उभं राहण्याचा सराव सुटतो. मग घर सोडण्याचा निर्णय कोणी न घेताच होऊन जातो. 2020च्या डिस्चार्ज धोरणातला अंदाज असा होता की शंभरातले 50 जण मदतीशिवाय घरी जावेत, 45 मदत घेऊन घरी, 4 पुनर्वसनाच्या खाटेवर आणि 1 कायमचा केअर होममध्ये. या वाटणीशी आपल्या भागाची वाटणी ताडून पाहिली की खाटा जास्त विकत घेतल्या जात आहेत का, ते लगेच कळतं. अशी खाट घ्यायचीच असेल तर पहिल्याच दिवशी परतीची तारीख आणि आठवड्यातून किमान तीनदा थेरपिस्टची भेट करारात लिहून घ्यावी.

पुढच्या हिवाळ्यांत

30 जानेवारी 2023च्या योजनेत मार्च 2024पर्यंत चार तासांचं प्रमाण 76 टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट होतं, प्रत्यक्षात 74.2 झालं. त्याहून महत्त्वाचा बदल निधीच्या वेळेत झाला. डिस्चार्जसाठी 2023-24ला 60 कोटी आणि 2024-25ला 100 कोटी पौंड हे आधीच सांगितलं गेलं. हिवाळ्याचं पत्रही 2023मध्ये 27 जुलैलाच निघालं. एप्रिलमध्ये आकडा माहीत असेल, तर काउन्सिल एजन्सीशी बारा महिन्यांचा ठोक करार करू शकते: तास वापरले जावोत न जावोत, पैसे मिळतील. असा करार हातात असेल तरच एजन्सी पगारी माणूस नेमते.

त्या करारात दोन कलमं हवीत. एक, रुग्ण दाखल झाला तरी त्याच्या भेटींची वेळ किमान दोन आठवडे राखून ठेवायची आणि तिचे पैसे द्यायचे. आजींच्या उदाहरणातला बहुतेक उशीर एवढ्याने टळला असता. दुसरं, सहा आठवड्यांची रीएबलमेंट संपल्यावर रुग्णाला पुढे कोण घेणार. हे ठरलेलं नसलं तर ऑक्टोबरमध्ये नेमलेल्या केअरर नोव्हेंबरअखेर त्याच रुग्णांकडे अडकतात आणि डिसेंबरला नव्या रुग्णासाठी हात रिकामा नसतो. अनेक चांगल्या योजना इथे फसल्या आहेत.

भरतीच्या जाहिराती जून-जुलैत, माणसं कामावर ऑक्टोबरअखेर. केअर होम आणि घरभेटींच्या कर्मचाऱ्यांची फ्लूची लस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तीही त्यांच्या कामाच्या जागी जाऊन. ज्यांना भेटींदरम्यानच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत त्या केअरर क्लिनिकमध्ये येऊन रांगेत उभ्या राहणार नाहीत. नाताळच्या आधीच्या आठवड्यात खाटांचा भरणा 92 टक्क्यांखाली आणायचा. त्यासाठी 19 ते 23 डिसेंबर सोशल वर्कर आणि फिजिओ वॉर्डातच बसवायचे, फॉर्म पाठवत राहायचं नाही.

आणि नियंत्रण कक्षाच्या फळ्यावर किती ॲम्ब्युलन्स दारात उभ्या आहेत हा आकडा असतोच. त्याच्या शेजारी आणखी दोन हवेत. काल किती जण घरी जायला तयार झाले, आणि तयार झाल्यापासून प्रत्यक्ष जाईपर्यंत सरासरी किती दिवस लागले. रोज 8 जण तयार होत असतील आणि प्रत्येकाला 5 दिवस लागत असतील, तर 40 खाटा त्यातच गेल्या. 5चे 4 झाले की त्याच दिवशी 8 खाटा मोकळ्या, एकही नवी खाट न मांडता.